ऑफिसला जायचा रस्ता नेमका कोण ठरवतं?

सकाळी नऊच्या सुमाराला ऑफिसच्या गेटबाहेर गाड्यांची रांग लागलेली असते. शेवटच्या पाऊण किलोमीटरला वीस मिनिटं लागतात. रांगेतल्या प्रत्येकाला वाटतं, रस्ता अरुंद आहे, सरकारने तो रुंद करायला हवा. वाहतूक नियोजन करणाऱ्याला विचारा, तो म्हणेल, एवढी माणसं एकाच वेळी बोलावता कशाला? कंपनीच्या एचआरला विचारा, उत्तर येईल, घरून कसं यायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न.

तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं आहे. अडचण अशी की तिघं एकमेकांशी बोलतच नाहीत.

कामावर कसं जायचं हे आपलं आपण ठरवतो असं आपण धरून चालतो, पण त्यातलं बरंचसं आपल्याआधी कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. घराजवळून बस जाते का, दर किती मिनिटांनी जाते, मध्ये बदलावी लागली तर दुसरं तिकीट काढावं लागतं का, हे प्रदेशाच्या वाहतूक आराखड्यात ठरतं. ऑफिस कुठे थाटायचं, कामाला किती वाजता लागायचं, गाडी लावायला फुकट जागा द्यायची की नाही, हे मालक ठरवतो. त्यातून जे उरतं तेवढंच आपल्या हातात असतं. म्हणून मला वाटतं, हे दोन आराखडे एकत्र समजून घ्यायला हवेत: एक प्रदेशाचा आणि दुसरा कामाच्या ठिकाणचा. दुसऱ्याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून त्याच्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे.

आधी प्रदेश म्हणजे काय ते पाहू. महापालिकेची हद्द नकाशावर ठळक दिसते, पण कामाला जाणाऱ्या माणसाला ती कधी ओलांडली ते कळतही नाही. घर एका हद्दीत, मुलांची शाळा दुसऱ्या, ऑफिस तिसऱ्या. एका गावाने सुरेख सायकलमार्ग बांधला आणि तो हद्दीच्या पाटीपाशी संपला, तर पलीकडे कामाला जाणाऱ्याला त्याचा काय उपयोग? म्हणून माणसं रोज जिथून जिथपर्यंत कामाला ये-जा करतात तो सगळा पट्टा एक मानून नियोजन करावं लागतं. अमेरिकेत १९६२ च्या महामार्ग कायद्याने हीच अट घातली. ५० हजारांहून जास्त वस्तीच्या नागरी भागाला रस्त्यांसाठी केंद्राचा पैसा हवा असेल, तर तिथल्या स्थानिक संस्थांनी राज्याबरोबर बसून, सगळ्या भागाचं मिळून, सतत चालणारं नियोजन करायचं. जर्मनीतल्या हॅम्बुर्गने १९६५ मध्ये प्रवाशाच्या बाजूने सुरुवात केली. रेल्वे आणि बस चालवणाऱ्या वेगवेगळ्या संस्था एका संघात आणल्या आणि प्रवाशाच्या हातात एकच तिकीट दिलं. गाड्या तशाच चालू राहिल्या, पण दोन संस्थांच्या मधली भिंत प्रवाशाच्या वाटेतून गेली. पुढे जर्मन भाषक देशांतल्या अनेक प्रदेशांनी हीच वाट धरली.

आराखडा करणारे पुढच्या वीसेक वर्षांचा अंदाज बांधतात. त्याची पद्धत १९५० च्या दशकात डेट्रॉइट आणि शिकागोच्या अभ्यासांतून घडली आणि सांगाडा अजून तोच वापरतात. प्रदेशाचे लहान लहान तुकडे पाडायचे आणि चार प्रश्न विचारायचे. प्रत्येक तुकड्यातून किती प्रवास सुरू होतील? ते कुठे जाऊन संपतील? त्यातले किती गाडीने, किती बस-रेल्वेने होतील? आणि गाड्या कुठला रस्ता धरतील?

प्रश्न योग्यच आहेत. मला खटकतं ते वेगळं. या हिशोबात तुमचं ऑफिस म्हणजे नकाशावरचा एक आकडा असतो. तिथे रोज अमुक माणसं येतात एवढं कळलं की काम भागतं. ती सगळी नऊलाच का येतात आणि गाडी घेऊनच का येतात, हे गेटच्या आत ठरतं, आणि तिथे हा हिशोब सहसा शिरत नाही. गर्दीची वेळ समुद्राच्या भरतीसारखी आहे, ती यायचीच, असं धरलं जातं. मग भरतीच्या मापाचा रस्ता बांधायला घेतात.

तसा रस्ता बांधून काय होतं, ते अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराच्या केटी फ्रीवे या महामार्गावर दिसलं. २००८ मध्ये त्याचं रुंदीकरण पूर्ण झालं. बाजूचे रस्ते धरले तर काही ठिकाणी तब्बल २६ लेन. काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. रस्ता मोकळा दिसला की गर्दी टाळायला पहाटे निघणारा माणूस सोयीच्या वेळी निघू लागतो, ट्रेनने जाणारा गाडी काढतो, कुणी आणखी लांब घर घेतो. जील ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांची आकडेवारी मांडून दाखवलं, की शहरातले मोठे महामार्ग जितक्या टक्क्यांनी वाढतात, साधारण तितक्याच टक्क्यांनी त्यांच्यावरची गाड्यांची धाव वाढते.

आता या सगळ्यातली आशेची गोष्ट. ती एका सूत्रात आहे, आणि मला ते सूत्र फार आवडतं. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक रस्ते खात्याने ते मांडलं आणि जगभरचे नियोजक ते आजही वापरतात. रस्त्यावरच्या गाड्यांना रस्त्याच्या क्षमतेने भागायचं आणि येईल त्या आकड्याचा चौथा घात करायचा. उशीर त्या प्रमाणात वाढतो. चौथा घात, म्हणजे तो आकडा चार वेळा मांडून केलेला गुणाकार. त्यामुळे रस्ता भरत आला की शेवटच्या थोड्याशा गाड्या उशीर भराभर वाढवतात. हे उलटंही लागू पडतं. गाड्या १० टक्क्यांनी घटल्या तर ०.९ चा चौथा घात होतो साधारण ०.६६, म्हणजे उशीर एक तृतीयांशाने कमी. गाड्या फक्त ५ टक्क्यांनी घटल्या तरी उशीर १८-१९ टक्क्यांनी उतरतो. प्रत्येक रस्त्यावर हा आकडा तंतोतंत जुळेल असं नाही, सूत्र अंदाजाचं आहे. पण शाळांना सुट्टी लागली की रस्ते किती मोकळे वाटतात ते आठवा. शहर रिकामं झालेलं नसतं, थोड्याच गाड्या कमी झालेल्या असतात.

म्हणजे शंभरातल्या शंभर जणांनी गाडी सोडायची गरज नाही. पाच-दहा जणांनी, तेही रोज नाही, वेळ किंवा साधन बदललं तरी पुरतं. ते पाच-दहा जण शोधायचे कुणी? सरकारला ते नावानिशी माहीत नसतात. मालकाला असतात.

कामाच्या ठिकाणचा प्रवास आराखडा म्हणजे हे शोधकाम. समजा, ४०० माणसांचं एक ऑफिस आहे. सुरुवात सर्व्हेने होते आणि सर्व्हे कसा विचारला यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. 'तुम्ही साधारणपणे कसे येता?' असं विचारू नये. साधारणपणे म्हटलं की माणूस आपल्याला शोभेल ते उत्तर देतो. 'गेल्या सोमवारी कसे आलात? मंगळवारी?' असं दिवसागणिक विचारावं. पूर्ण पत्ता मागू नये, पिनकोड पुरतो आणि माणसंही बिचकत नाहीत. आणि सगळ्यात कामाचा प्रश्न शेवटी ठेवावा: दुसऱ्या कशाने यायला आवडेल, आणि ते आज का जमत नाही?

मग ते पिनकोड नकाशावर ठिपक्यांनी मांडतात. हा क्षण पाहण्यासारखा असतो. मीटिंगमध्ये आतापर्यंत 'आमच्याकडे सगळेच लांबून येतात' असं ठासून सांगितलं जात असतं. नकाशावर ३५ ठिपके ऑफिसपासून दोन-तीन किलोमीटरच्या आत निघतात. त्यातले निम्मे गाडीने येतात, कारण शेवटच्या चौकात रस्ता ओलांडायला सिग्नल नाही. ८० ठिपके एका बसमार्गाच्या दोन्ही बाजूंना माळेसारखे लागलेले असतात, पण स्टॉपपासून गेटपर्यंतच्या अर्ध्या किलोमीटरला फुटपाथ नाही, दिवे नाहीत. आणि एका कोपऱ्यात दाट पुंजका: एकाच वसाहतीतून निघणारी २५ माणसं, २५ गाड्यांत. रोज सकाळी एकाच रस्त्याने, एकमेकांच्या मागे. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण तीन गोष्टी बहुतेक नकाशांत या ना त्या रूपात सापडतात, आणि तिन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत. पहिल्यांना सिग्नल हवा, दुसऱ्यांना फुटपाथ आणि दिवे, तिसऱ्यांना एक व्हॅन. तिसऱ्याचा प्रयोग अमेरिकेत मिनेसोटातल्या थ्रीएम कंपनीने १९७३ मध्येच केला. व्हॅन कंपनीच्या, चालवणारा त्याच भागातला एक कर्मचारी, बाकीचे वाटेत चढणारे सहकारी. सिग्नल आणि फुटपाथ मात्र कंपनीच्या हातात नाहीत. त्यासाठी हाच नकाशा प्रदेशाच्या नियोजकाच्या टेबलावर जावा लागतो.

आता पार्किंग. इथे थोडं थांबू, कारण प्रवास आराखड्यातला सगळ्यात जोरदार उपाय हाच आहे आणि सगळ्यात जास्त टाळला जातो तोही हाच.

एका मोटारीला, आत-बाहेर वळायची जागा धरून, साधारण २५ ते ३० चौरस मीटर लागतात. ती चालवत आणणाऱ्याच्या टेबल-खुर्चीला बहुतेक ऑफिसांत याच्या निम्मीही जागा मिळत नाही. या जागेचा खर्च कंपनी भरते, म्हणजे फुकट पार्किंग हा पगाराचाच एक भाग झाला. फक्त तो स्लिपवर दिसत नाही आणि गाडी आणणाऱ्यालाच मिळतो. शेजारच्या टेबलावर बसने येणारी बाई तेच काम करते आणि तिला तो भाग मिळत नाही. मला यातला अन्याय ट्रॅफिकपेक्षाही जास्त टोचतो.

कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये त्यावर एक साधा कायदा केला. ज्या भागांत हवा प्रदूषित आहे तिथल्या ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या मालकाने भाड्याची पार्किंगची जागा फुकट दिली, तर ती नको म्हणणाऱ्याला तेवढी रक्कम रोख द्यायची. पार्किंग कुणाकडूनच काढून घेतलं नाही, फक्त निवड दिली. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी अशी सोय देणाऱ्या आठ कंपन्यांचा अभ्यास १९९७ मध्ये मांडला. एकट्याने गाडी आणणारे १७ टक्क्यांनी घटले. मिळून गाडीने येणारे ६४ टक्क्यांनी, बस-रेल्वेने येणारे ५० टक्क्यांनी वाढले आणि चालत किंवा सायकलने येणारे ३९ टक्क्यांनी. रस्ता, बस, रेल्वे, काहीही बदललेलं नव्हतं. आधी न दिसणारा पैसा दिसू लागला, एवढंच.

याच विषयातली एक बारकी गोष्ट. पार्किंगला शुल्क लावायचं तर ते महिन्याचं लावू नये, दिवसाचं लावावं. महिन्याचा पास एकदा काढला की गाडी घरी ठेवून काहीच वाचत नाही, उलट पैसे फुकट गेल्यासारखे वाटतात आणि माणूस रोज गाडी आणतो. दिवसाचं शुल्क असेल तर हा निर्णय रोज सकाळी नव्याने होतो. आठवड्यातले दोन दिवस बसने जाणारा माणूस असाच तयार होतो, आणि आपल्याला तोच हवा आहे.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहराने हाच धागा प्रदेशाच्या आराखड्याला जोडला. तिथे २०१२ पासून ज्या मालकाकडे कर्मचाऱ्यांसाठी ११ किंवा अधिक पार्किंगच्या जागा आहेत, त्याला दर जागेमागे वार्षिक आकार भरावा लागतो. त्या पैशाचा मोठा वाटा ट्रामच्या दोन नव्या मार्गांना गेला. ते २०१५ मध्ये सुरू झाले. फ्रान्समध्ये याहून जुनी सोय आहे. पॅरिस परिसरात १९७१ पासून मालकांकडून पगाराच्या प्रमाणात सार्वजनिक वाहतुकीसाठी कर घेतला जातो, पुढे तो इतर शहरांतही आला. आज ११ किंवा अधिक कर्मचारी असलेल्यांना तो लागू आहे. विचार सरळ आहे: रेल्वे आणि बस रोज सकाळी मालकाची माणसं त्याच्या दारात आणून सोडतात, तर त्या खर्चात त्याचाही हात हवा.

वेळेबद्दल बोलायचं तर पश्चिम जर्मनीतल्या म्युनिकजवळच्या ओटोब्रुनला जावं लागेल. तिथल्या विमानं बनवणाऱ्या एका कंपनीच्या कार्यालयात सकाळी सगळे एकाच वेळी गेटवर पोचायचे, गाड्या अडकायच्या, आत पंचिंगलाही रांग. १९६७ मध्ये कंपनीने ठरवलं, की मधले ठरावीक तास सगळ्यांनी हजर राहायचं, येण्याजाण्याची वेळ ज्याची त्याने निवडायची. आज जगभर जिला फ्लेक्सी टाइम म्हणतात त्या पद्धतीची सुरुवात इथून मानतात. तिच्यामागे गेटवरची गर्दी होती हे फार जणांना माहीत नसतं. कारखान्यात, हॉस्पिटलात हे इतकं सैल करता येत नाही, पण तिथेही दोन विभागांच्या शिफ्ट अर्ध्या तासाने पुढे-मागे करता येतात. वर्क फ्रॉम होमचंही तेच. सगळ्यांनी सोमवार आणि शुक्रवारच घरून काम केलं, तर बुधवारची गर्दी होती तिथेच राहते. रस्ता आणि बस सगळ्यात गर्दीच्या दिवसाच्या मापाने लागतात, म्हणून दिवस विभागून द्यायला हवेत.

काही उपाय दिसायला किरकोळ असतात. रोज बसने येणाऱ्याच्या मनात एक भीती असते: दुपारी मुलाला ताप आला, किंवा काम लांबून शेवटची बस गेली, तर घरी कसं पोचायचं? कंपनीने लिहून दिलं की अशा वेळी टॅक्सी आमच्या खर्चाने, तर गाडी आणायचं एक मोठं कारण संपतं. ही सोय प्रत्यक्षात क्वचितच वापरली जाते, पण ती आहे एवढं माहीत असणंच पुरतं. सायकलवाल्यांना बंदिस्त स्टँड आणि कपडे बदलायला खोली हवी, त्याबद्दल फार सांगायला नको.

एका गोष्टीवर मात्र भर देऊन सांगतो. सर्व्हे ईमेलने पाठवला जातो आणि तो कंपनीच्या पगारपत्रकावरच्या माणसांनाच जातो. साफसफाईवाल्या मावशी पहाटे साडेपाचला येतात, सिक्युरिटी गार्ड रात्री दहाला सुटतो, कॅन्टीनची पोरं आणखी कुठल्या तरी वेळी. ते कंत्राटदाराकडचे, म्हणून मोजणीत नाहीत. बस नसलेल्या वेळी येणारी आणि पर्याय नसलेली माणसं हीच. यांना वगळून केलेला आराखडा अपुरा आहे. गेटवर उभं राहून, कागद-पेन घेऊन, चोवीस तासांत आत-बाहेर करणारा प्रत्येक माणूस मोजावा. एका दिवसाचं काम आहे.

आता परत प्रदेशाकडे, कारण मालकाने सगळं केलं तरी दोन ठिकाणी तो एकटा अपुरा पडतो.

पहिलं: कमी झालेल्या गाड्यांची जागा भरून निघते. रुंद रस्ता जसा नव्या गाड्या खेचतो, तसाच मोकळा झालेला रस्ताही खेचतो. चार कंपन्यांनी मेहनतीने गाड्या कमी केल्या आणि ती जागा इतरांनी व्यापली, तर वर्षभराने फरक दिसणार नाही. ती जागा राखायची ताकद प्रदेशाकडे असते: बससाठी वेगळी लेन आखून, किंवा गर्दीच्या वेळी रस्ता वापरण्याचं शुल्क घेऊन. स्टॉकहोमने २००६ मध्ये सात महिने असं शुल्क घेऊन पाहिलं. शहराच्या मध्यभागात जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या साधारण पाचव्या हिश्श्याने घटल्या. प्रयोग थांबला तशा त्या पुन्हा वाढल्या. २००७ मध्ये शुल्क कायमचं लागू झालं आणि वाहतूक पुन्हा उतरली.

दुसरं: जागा. ऑफिस स्टेशनपासून लांब, महामार्गाच्या कडेला बांधलं, की पुढचा प्रवास आराखडा म्हणजे ठिगळं लावणं. नेदरलँड्सने १९८० च्या दशकाच्या शेवटी यासाठी नियम केला. स्टेशनजवळच्या जागा अ वर्गात, दोन्ही सोयी असलेल्या ब वर्गात, महामार्गाकाठच्या क वर्गात. जास्त माणसं येणारी ऑफिसं अ वर्गात जावीत आणि तिथे १०० कर्मचाऱ्यांमागे पार्किंगच्या १० ते २०च जागा मिळाव्यात, असं ठरलं. कल्पना उत्तम होती, पण अंमल ढिला पडला. आपण कडक राहिलो तर कंपनी शेजारच्या गावात जाईल, ही भीती प्रत्येक नगरपालिकेला होती, आणि शेजारच्या गावालाही तीच भीती. शेवटी ते धोरण मागे पडलं. कामाची जागा आणि वाहतूक यांचा निर्णय सगळ्या पट्ट्याने मिळून का घ्यायचा, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला सापडलेलं नाही.

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या हवा नियंत्रण मंडळाने १९८७ मध्ये आणलेल्या नियमात प्रदेश आणि कामाचं ठिकाण हे दोन्ही धागे एकत्र होते. १०० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी सकाळी आलेल्या माणसांना आलेल्या गाड्यांनी भागायचं. लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती भागात हा आकडा १.७५ हवा, बहुतेक ठिकाणी १.५, दूरच्या भागांत १.३. जिथे बस जास्त, तिथे अपेक्षा जास्त. कमजोरी एकच, पण मोठी होती. आराखडा सादर करून त्यातल्या गोष्टी केल्या की नियम पाळला गेला, आकडा गाठला नाही तरी दंड नव्हता. १९९५ मध्ये त्याच्या जागी सौम्य नियम आला. तो भागाकार मात्र आजही उपयोगाचा आहे आणि कुठलंही ऑफिस तो एका सकाळी गेटवर करून पाहू शकतं.

तो दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच वारी करावा आणि आकडे ठिपक्यांच्या नकाशासकट प्रदेशाच्या नियोजकाकडे पाठवावेत. समजा गेटवरच्या मोजणीत दिसलं, की दुसरी शिफ्ट रात्री दहाला सुटते आणि स्टॉपवरून शेवटची बस नऊ पंचावन्नला जाते. अशा पाच मिनिटांपायी साठ माणसं गाडी घेऊन येत असू शकतात. बसवाल्यांना ही शिफ्ट माहीत नसते आणि कंपनीला ते वेळापत्रक. दोघांनी एकदा समोरासमोर बसायचं आणि एक तर बस सव्वादहाची करायची, नाही तर शिफ्ट पावणेदहाला सोडायची.